पांढरी तीन

“पुन्हा,” नियाज म्हणाला.

काचेपलीकडच्या खोलीत बिरूनं मान डोलावली, हेडफोन सारखा केला आणि डोळे मिटले. पोपटनं काठ्यांचे चार ठोके दिले आणि आम्ही नवव्यांदा सुरू झालो. पहिली ओळ ठीक गेली. दुसरीला गाणं खाली उतरतं. तिथं बिरूचा आवाजही उतरला आणि चिखलात पाय रुतावा तसा रुतून बसला. सूर चुकत नव्हता, शब्द स्पष्ट होते, फक्त गाण्यात जीव नव्हता. नियाजनं गिटारच्या तारांवर तळवा ठेवला आणि सगळं थांबलं.

“काय चुकलं?” बिरूनं माइकमधून विचारलं.

“काही न्हाई. चहा घेऊ,” नियाज म्हणाला.

कोल्हापुरातला तो स्टुडिओ आम्ही पाच दिवसांसाठी घेतला होता. तो तिसरा दिवस होता, बुधवार. आठ गाणी करायची होती आणि ठेवण्याजोगं एकही झालं नव्हतं. आम्ही सगळे एकत्र वाजवूनच रेकॉर्ड करायचो, तुकडे जोडायची आम्हाला सवय नव्हती. त्यामुळे एकाचं अडलं की चौघांचं अडायचं. माझी कंबर दुखत होती, पोपटच्या मनगटाला पट्टा होता. गेल्या तीन दिवसांत आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो होतो.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. तरी तो बुधवार माझ्या डोक्यातून जात नाही.

आमच्या बँडचं नाव दगडफूल. मी बाहुबली मगदूम, बेस गिटार वाजवतो. नाव बाहुबली आणि वजन बावन्न किलो, त्यामुळे मी गिटार धरतो की गिटार मला धरते, असं पोपट अजून विचारतो. सांगलीत आमची हळदीची अडत होती आणि अडतीमागच्या गोदामात आमची तालीम चालायची. पोत्यांमुळे आवाज बाहेर जायचा नाही. हळद मात्र सगळीकडे शिरायची. पोपटच्या ड्रमची कातडी पिवळी, अँपच्या जाळ्या पिवळ्या, आमच्या शर्टांच्या कॉलरी पिवळ्या. कॉलेजात असताना, अगदी पहिल्या आठवड्यात, आई शेजारच्या खोलीत मसाल्याचं निवडत बसली होती. रणजितनं तिच्या परातीतून काहीतरी काळपट, कुरकुरीत उचललं आणि विचारलं, “काकी, हे काय?” आई म्हणाली, “दगडफूल. त्याच्याशिवाय मसाल्याला चव न्हाई.” बाहेर येऊन त्यानं जाहीर केलं, नाव मिळालं.

रणजित डफळे आमचा गायक. मूळ जतचा, तिकडे डाळिंबाची बाग. लहानपणापासून गावच्या भजनात पेटीवर बसलेला. अंगानं भरदार, आवाज त्याहून भरदार. नियाज मिरजेचा, त्याचे वडील सतारी बनवायचे. घरात तीन पिढ्या भोपळ्यांना तारा लावल्या जात होत्या आणि यानं विजेची गिटार आणली म्हणून वडील वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत. पोपट कोळी एसटीच्या वर्कशॉपात. आधी हलगी वाजवायचा. बावीस वर्षं आम्ही चौघंच होतो. चार अल्बम केले. गणेशोत्सव, कॉलेजांची गॅदरिंगं, पुणे, बेळगाव, एकदा तर थेट इंदूर. मोठे झालो असं म्हणता येणार नाही, पण सांगली-मिरजेत रिक्षावाले ओळखायचे.

रणजितला एका गोष्टीचा फार अभिमान. पेटीवाल्यांची एक पद्धत असते, ते सुराला पट्टीच्या नावानं ओळखतात. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, असं. गिटारची जाड तार मोकळी वाजवली की जो सूर निघतो तो पेटीवर पांढरी तीनला येतो. रणजित म्हणायचा, “आपण पांढरी तीनवाले. विशीत जिथं गात होतो तिथंच चाळिशीत गातोय. एक पट्टी खाली आलो न्हाई.” पेपरात मुलाखत आली की हे वाक्य असायचंच. लग्नाकार्यात कुणी नुसतं “काय डफळे, बरं आहे ना?” विचारलं, तरी तो गळ्यावर हात ठेवून “पांढरी तीन!” म्हणायचा.

आणि आमचा एक रिवाज होता. तारा सुरात लावायचं काम माझं. नियाजचं घर सतारीचं असूनही त्याला तेवढा धीर नाही. तो वाजवायला बसला की वाजवायलाच लागतो. म्हणून त्याच्या दोन गिटारी आणि माझी बेस कार्यक्रमाआधी मी एकटा कोपऱ्यात घेऊन बसायचो. मी दिलेली गिटार गळ्यात अडकवायची, मला काही विचारायचं नाही. बावीस वर्षांत कुणी विचारलंही नव्हतं.

स्टुडिओच्या आधीच्या दिवाळीत तालमीच्या वेळी रणजितचा आवाज एकाच गाण्यात तीनदा फाटला. तो खाली बसला, पाण्याचा तांब्या रिकामा केला आणि म्हणाला, “बास. आता दुसरा बघा.” आम्ही समजावलं, पोपट रडला सुद्धा. पण रणजितनं एकदा बास म्हटलं की बास. उठला, मफलर गुंडाळला आणि गेला.

नवीन गाणी नियाजनं तोवर बसवून ठेवली होती. रणजितच्या गळ्यासाठी बसवलेली.

बिरदेव वाघमोडे जानेवारीत आला. आटपाडीकडचा, सव्वीस वर्षांचा, मिरजेत एका लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करायचा. नियाजच्या आईचं रक्त काढताना तो काहीतरी गुणगुणत होता, नियाजनं त्याला हाताला धरूनच गोदामात आणला. आला आणि लाइट गेली. अँप बंद, सगळं बंद. नियाज म्हणाला, “असाच गा.” बिरूनं आमचंच जुनं ‘पुलाखाली’ घेतलं, पण असं उंच, मोकळ्या माळावर हाक मारतात तसं. बाप-आजोबांच्या धनगरी ओव्या ऐकत वाढलेला गळा तो. पत्र्याखालची कबुतरं उडाली. पोपट म्हणाला, “आयला!” नियाज नुसता माझ्याकडे बघत राहिला. मी पण होय म्हणालो. नाही म्हणायला कारणच नव्हतं.

लाइट आल्यावर मात्र त्याचा आवाज तसा लागला नाही. नवखा आहे, लाजतोय, असं आम्ही धरून चाललो. तीन महिने धरून चाललो.

स्टुडिओच्या पहिल्या सकाळी मी गिटारी काढल्या तेव्हा नियाज जवळ आला. इकडे तिकडे बघत हळूच म्हणाला, “तारा आहेत तशाच ठेवायच्या?”

“तशाच,” मी म्हणालो. “गाणी त्यातच बसवलीत न्हवं?”

त्यानं खांदे उडवले. तारांचं खातं माझं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बिरू माझ्याजवळ येऊन बसला. आमच्याकडे मोठ्या माणसाला अण्णा म्हणतात, तो मला पहिल्या दिवसापासून अण्णाच म्हणायचा.

“अण्णा, एक विचारू? रागवू नका. गाणी जरा वर घेतली तर? मला खाली घावंना झालंय काही.”

मी बेस पुसत होतो. पुसता पुसता म्हणालो, “बिरू, दगडफूलची पट्टी बावीस वर्षं हीच आहे. डफळे सर याच पट्टीत गायचे. लोकांच्या कानात ती बसलीय.”

“व्हय व्हय,” तो घाईनं म्हणाला. “तसं न्हवं. माझंच कमी पडतंय. मी करतो.”

आणि तो करत राहिला. रात्री लॉजवर गरम पाण्याच्या गुळण्या, सकाळी लवंग, वेलदोडा, कुणी सांगितलं म्हणून ज्येष्ठमध. खालच्या सुरांसाठी तो छाती दाबून गायला लागला आणि होतं तेही गेलं. तिसऱ्या दिवशी त्याचे डोळे ओढलेले होते. लॅबमधून त्यानं आठवड्याची रजा काढली होती आणि घरी सांगून आला होता की माझा आवाज आता कॅसेटीत येणार. त्याच्या आईला सीडी म्हणजे कॅसेटच.

तर तो बुधवारचा चहा. बिरू बाहेर पायरीवर जाऊन बसला होता. आत आम्ही तिघं आणि रेकॉर्डिस्ट शिर्के.

“पोरगा चांगलाय,” शिर्के म्हणाले. “पण हा त्याचा मुक्काम न्हाई. खालीच घुटमळतोय.”

“आमचा आवाजच जड आहे,” मी म्हणालो.

“तसं असेल तर मग हा तुमचा गडी न्हाई.”

पोपटनं कप खाली ठेवला. “स्पष्टच बोलू का? मला अजून दोन दिवस हे झेपायचं न्हाई. पोराला बरं वाटेल असं सांगून घरी धाडू. आणि अल्बमचं... ऱ्हाऊ दे अल्बम. झालं की आपलं. बावीस वर्षं कमी हायत का?”

नियाज तार छेडायची पिक बोटात फिरवत होता. मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगायला हवं. मला हलकं वाटलं.

“मी रणजितला बोलावलंय,” मी म्हणालो. “तीनपर्यंत येईल.”

“कशाला?” नियाजनं मान वर केली.

“पोराला दोन गोष्टी सांगेल. चाली त्याच्याच गळ्याच्या आहेत. एखादं गाणं म्हणून दाखवेल.”

“आणि म्हणून दाखवलं तर शिर्के रेकॉर्ड करून ठेवतील,” नियाज म्हणाला. तो हसला नाही.

रणजित अडीचलाच आला. मफलर गुंडाळलेला, हातात डाळिंबांची पिशवी. आवाज घोगरा, पण ऐट तीच. आल्या आल्या पोपटच्या पाठीत गुद्दा घातला, शिर्क्यांना डाळिंबं दिली आणि विचारलं, “कुठाय आमचा वारसदार?”

बिरू धावत आला आणि त्याच्या पाया पडला. रणजितनं त्याला उठवलं, खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर बसला.

“म्हण बघू. घाबरायचं न्हाई. मी काय मास्तर न्हाई.”

आम्ही वाजवलं, बिरू गायला. रणजित जमिनीकडे बघत ऐकत होता. गाणं संपल्यावर थोडा वेळ त्यानं हनुवटी खाजवली.

“असा का गातोस रे दाबून? हे म्हणतात तू कबुतरं उडवली होतीस.”

बिरूला रडूच येईल की काय असं झालं. “सर, मला तुमची पट्टी न्हाई येत. लई प्रयत्न केला. वर असतं तर... पण अण्णा म्हणाले तुम्ही बावीस वर्षं इथंच गायचा. पांढरी तीन. तिथं माझा गळा पोचतच न्हाई खाली. मला म्हाईत न्हवतं पांढरी तीन एवढी खाली असती.”

रणजितचा हात हनुवटीवरच थांबला.

“पांढरी तीन खाली?” तो म्हणाला.

त्या स्टुडिओत आरत्या आणि भावगीतं जास्त व्हायची, म्हणून कोपऱ्यात एक पेटी कायम असायची. रणजित उठला, पेटी ओढून घेतली, मांडी घालून बसला आणि भाता सोडला. लहानपणापासूनची सवय, न बघता त्याचं बोट पांढरी तीनवर पडलं. सूर भरून राहिला.

“बाहू,” तो म्हणाला. “तुझी जाड तार वाजव. मोकळी.”

मी उभा होतो. गळ्यातला पट्टा सारखा करत राहिलो.

“वाजव की.”

मी तार छेडली. पेटीचा सूर वर राहिला आणि माझ्या तारेचा त्याच्याखाली कुठंतरी गुरगुरत राहिला. दोन माणसं वेगवेगळ्या रस्त्यानं चालली आहेत हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. रणजितनं बोट एक पट्टी खाली सरकवलं, काळी दोन. जुळलं नाही. मी पुन्हा तार छेडली, कारण आता न छेडून उपयोग नव्हता. त्याचं बोट आणखी एक पट्टी खाली आलं. पांढरी दोन. तिथं पेटी आणि तार एक झाली.

तो बराच वेळ ती पट्टी दाबून बसला. भाता संपला, सूर विझला, तरी बोट तसंच होतं.

नियाज भिंतीकडे बघत होता. पोपटला काहीच कळलं नव्हतं. ड्रमवाल्याला पट्टीशी काय घेणं? तो म्हणाला, “अरे, काय झालं काय?”

तेवढ्यात रणजित हसला. चांगला मोठ्यांदा हसला, खोकला आला तेव्हाच थांबला.

“अरे, माझीच चूक,” तो म्हणाला. “मीच सांगितलं होतं याला. गळा झेपत न्हवता, म्हटलं बाहू, दोन पट्ट्या उतरव, कुणाला बोलू नको. लोकांपुढं इज्जत ऱ्हावी म्हणून. लई वर्षं झाली. आता मी गेलो आणि तारा चढवायचं हा विसरला. वय झालं तुमचं, दुसरं काय!”

“म्हंजे तू पांढरी तीन पांढरी तीन करत फिरायचास ते...” पोपट म्हणाला.

“थापा,” रणजित म्हणाला. “शुद्ध थापा.”

पोपट खो खो हसला. शिर्के हसले. बिरू आळीपाळीनं सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता.

“म्हंजे सर, माझा गळा...”

“तुझ्या गळ्याला काय झालंय? तुला माझा सदरा घातला होता यांनी. बाहू, उद्या नवीन तारा आण. या जुन्या तारा चढवशील तर तुटतील.” त्यानं मफलर सारखा केला. “सकाळी मी येतो.”

गुरुवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी तारांसाठी दुकानापुढं उभा होतो. स्टुडिओत आलो तर बाकीचे नाश्त्याला गेले होते आणि रणजित पेटीपुढं बसलेला होता. मी समोर बसलो. जुन्या तारा काढल्या, नवीन घातल्या, आणि सूर बघायचं यंत्र खिशातून काढलं.

“ते ठेव आत,” तो म्हणाला. “मी देतो सूर.”

त्यानं पांढरी तीन दाबली आणि भाता मारायला लागला. मी खुंटी पिळायला लागलो. पहिली गिटार अर्धी झाली.

“कधीपासून?” त्यानं विचारलं.

“पहिली पट्टी अकरा वर्षांपूर्वी. तासगावच्या गणपतीला. आदल्या दिवशी तुझा आवाज बसला होता. दुसरी त्यानंतर तीन वर्षांनी.”

“नियाजला माहीत होतं?”

“पहिल्या आठवड्यात कळलं. त्याच्या बोटांना तार सैल लागली. बोलला काही न्हाई. पुढल्या महिन्यात जाड तारा घेऊन आला, सैल लागू नयेत म्हणून.”

“आणि मी पेपरात सांगत होतो.” भाता मारायचा त्याचा हात थांबला नाही. “हसत असशील मागनं.”

“न्हाई रे.”

“एकदा सांगायचं होतंस, बाहू. मी त्याच दिवशी गाणं सोडलं असतं.”

“म्हणूनच न्हाई सांगितलं,” मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. डोळे लाल झाले होते त्याचे. मग म्हणाला, “तार खाली आहे अजून. चढव.”

मी चढवली. दुसरी गिटार घेतली. ती झाल्यावर बेस मांडीवर घेतली आणि मला ते आत ठेवणं अशक्य झालं.

“रणजित, काल तू सगळ्यांना सांगितलंस की मी विसरलो.”

“मग?”

“विसरलो न्हवतो.”

भात्याचा हात थांबला.

“जानेवारीपासून मला ठाऊक होतं. लाइट नसताना तो गायला तेव्हाच कळलं, याला तारा चढवायला पाहिजेत. नियाजनं विचारलं, मी तशाच म्हटलं. बिरूनं स्वतः येऊन विचारलं. मी त्याला तोंडावर खोटं सांगितलं.” मी खुंटी धरून ठेवली. “मला वाटलं, हा जाईल. हा गेला की तू येशील. एक शेवटचा अल्बम. दिवाळीच्या आधी तिसरी पट्टीपण उतरवून बघितली होती मी, तारा नुसत्या खडखडायला लागल्या.”

बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला, पोपटचं हसणं ऐकू आलं.

“तीन महिने ते पोरगं स्वतःला दोष देत होतं,” तो म्हणाला.

“होय.”

“लवंगा चावत होतं.”

“होय.”

“मग हे मला कशाला सांगतोस? त्याला सांग.”

त्यानं पुन्हा पांढरी तीन दाबली. मी बेसची जाड तार लावली. पेटी आणि तार एक झाली तशी त्यानं पेटी बंद केली, झाकण लावलं, उठला. तेवढ्यात बिरू दारात आला, हातात सगळ्यांसाठी बांधून आणलेला नाश्ता. रणजितनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाहेर जाऊन बसला.

त्या दिवशी आम्ही पाच गाणी केली. शुक्रवारी तीन. पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या ओळीला बिरूचा आवाज उघडला तेव्हा शिर्क्यांनी काचेपलीकडून दोन्ही हात वर केले, पोपट वाजवता वाजवता शिव्या द्यायला लागला आणि नियाज माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. आणि तरी त्या आनंदात उभं राहायला मला जागा नव्हती.

मी बिरूला त्या संध्याकाळी सांगणार होतो. मग वाटलं, अल्बम होऊ दे. मग वाटलं, पहिला कार्यक्रम होऊ दे. मग त्याचं लग्न झालं, मग त्याची आई गेली, मग त्याला मुलगी झाली. तिच्या बारशाला त्यानं मला मानानं पुढं बसवलं.

अजून आम्ही वाजवतो. बिरूचे केस कानाजवळ पांढरे व्हायला लागलेत. तारा अजून मीच लावतो. प्रत्येक कार्यक्रमात शेवटच्या गाण्याआधी तो माइक हातात घेतो आणि लोकांना तीच गोष्ट सांगतो. मी नवा होतो, माझा गळा लागत नव्हता, सगळे म्हणत होते याला घरी धाडा. आणि या आमच्या अण्णांनी माझ्यासाठी बँडच्या तारा चढवल्या. मग तो वळतो आणि भर स्टेजवर माझ्या पायांना हात लावतो. लोक टाळ्या वाजवतात.

सांगलीत कार्यक्रम असला की रणजित पहिल्या रांगेत असतो, मफलर गुंडाळून. तोही टाळ्या वाजवतो. बाकीचे लोक बिरूकडे बघत असतात, तो माझ्याकडे बघत असतो. घाई नसते त्याला. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्यावरही त्याच्या दोन-तीन टाळ्या ऐकू येतात. मी मान खाली घालतो आणि जाड तार पुन्हा एकदा तपासून बघतो. ती बरोबर पांढरी तीनलाच असते.